चाकावरचं घर आणि सातपुड्यातली होळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय तेही भांडायला. नातेवाईक मंडळींनी आधीच समजून घ्यावं की ही पोस्ट आपल्याच घरातल्या एका बेताविरुद्ध आहे. इतरांसाठी थोडी माहिती: आमचा अमेरिकेतला चुलतभाऊ (यापुढे नुसता दादा) मार्चमध्ये सहकुटुंब भारतात येतोय. राहतो मिनेसोटात, तिथे मार्चमध्येही बर्फ उपसावा लागतो. त्यामुळे त्याच्या अटी दोनच. जागा उबदार हवी आणि नवी हवी. गोवा झालंय, केरळ झालंय, राजस्थानात मागच्या खेपेला मुलांची पोटं बिघडली होती. मग पुण्याच्या आमच्या एका हुशार भाच्याने सुचवलं की कॅरॅव्हॅन भाड्याने घ्या, आत झोपायची सोय, गॅस, फ्रिज, संडास, सगळं असतं, आणि थेट नंदुरबार जिल्ह्यात काठीची होळी बघायला जा. झालं! दोन दिवसांत ग्रुपवर नकाशा आला, वेळापत्रक आलं, सामानाची यादी आली. मी नंदुरबारचा, म्हणून मला एवढंच विचारलंय की गाडी रात्री कुठे लावता येईल?

माझं उत्तर: कुठेच लावू नकोस. आणलीसच तर शहाद्याच्या वर नेऊ नकोस. खरं तर आणूच नकोस.

आधी दादाची बाजू मांडतो, नाही तर वहिनी म्हणतील की मी ऐकूनच घेत नाही. अमेरिकेत हा प्रकार जुना आणि चांगला रुळलेला आहे. उत्तरेतले निवृत्त लोक थंडीत गाड्या घेऊन दक्षिणेला उतरतात, त्यांना तिथे 'स्नोबर्ड' म्हणतात. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातलं लहानसं गाव हिवाळ्यात अशा गाड्यांनी भरून जातं. हे जमतं कारण त्यामागे मोठी व्यवस्था उभी आहे. गाडी लावायच्या जागेला तिथे पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी जोडता येते. गाडीतल्या संडासाची टाकी ठराविक ठिकाणीच रिकामी करायची, असा दंडक असतो. म्हणजे ते चाकावरचं घर दिसायला स्वतंत्र, पण त्याची नाळ जागोजागी पालिकेच्या गटाराशी जोडलेली!

आता दादा, मला सांग, मोलगीला तू ती टाकी कुठे रिकामी करणार आहेस? हा प्रश्न घाण वाटला तरी टाळता येणार नाही. तुमच्या यादीत बार्बेक्यूची जाळी आहे, मुलांसाठी बोर्डगेम आहेत, मच्छरदाणी आहे. टाकीबद्दल एक अक्षर नाही. फाल्गुनात तिथले ओढे आटत आलेले असतात. खाली झऱ्यावर बायका वाटी-वाटीने पाणी भरतात आणि हंडा डोक्यावर घेऊन चढ चढतात. त्याच झऱ्याच्या वरच्या अंगाला सपाट जागा मिळाली म्हणून गाडी लावायची? आणि गाडीतली पाण्याची टाकी संपली की ती भरायची कुठून, हे तरी यादीत लिहिलंय का?

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे भाच्याने मला मोठ्या उत्साहाने कळवलं. मला माहीत आहे. त्यामागचा युक्तिवाद असा की जिथे हॉटेलं नाहीत किंवा पक्कं बांधकाम करता येत नाही, तिथेही पर्यटकाला राहता यावं. कागदावर चांगलं आहे, शिवाय त्यात कॅरॅव्हॅन पार्क, पाणी-वीज वगैरेंची भाषाही आहे. पण पार्क पुण्याच्या किंवा कोकणाच्या बाजूला झाले म्हणून सातपुड्याच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत होत नाहीत. धोरण मुंबईत होतं, घाट मात्र आमच्याकडेच असतो.

घाटावरून आठवलं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, म्हणजे अक्कलकुवा, तळोदा, शहादा या पट्ट्यात, तुमची गाडी कशीबशी चालेल. अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणारा देवगोईचा घाट, तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैलीचा घाट, किंवा तोरणमाळची सातपायरी, यांतल्या एकाही वळणावर समोरून एसटी आली की लांबलचक कॅरॅव्हॅन मागे कोण घेणार? मिनेसोटाच्या सरळ सपाट रस्त्यांवर वीस वर्षं गाडी चालवलेला आमचा दादा? :) हसू नका, गंभीर आहे. २०२१ च्या सप्टेंबरात दरड कोसळून चांदसैलीचा घाट बंद पडला, तेव्हा एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर उचलून दवाखान्याकडे नेलं, आणि ती वाटेतच गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळीकडे आलं होतं. आजही वरच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्या घाटात होळीच्या रात्री तुमच्या फ्रिज-संडासासकट वाहतूक अडली, आणि मागे एखादी रुग्णवाहिका असली, तर?

'उबदार' या शब्दावर मी खरं तर एक वेगळी पोस्ट लिहिणार होतो. दादा, मार्चच्या शेवटी नंदुरबारला पारा चाळिशीकडे निघालेला असतो. पत्र्याच्या गाडीत दुपारी माणूस भाजून निघेल. मग एसी, आणि एसीसाठी जनरेटर. म्हणजे डोंगरात रात्रभर ढोल वाजत असताना तुमचा जनरेटर घुरघुरणार. तोरणमाळ थंड असतं हे कबूल, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, यशवंत तलावावर संध्याकाळी मार्चमध्येही छान वाटतं. पण तुम्हाला थंड नकोय ना! असो.

राहता राहिली दुसरी अट. नवी जागा. इथे मात्र माझं डोकं खरंच फिरतं. नवी कोणाला? काठीची होळी कित्येक शतकांपासून चालत आलीय असं तिथले लोक सांगतात. उंचच्या उंच बांबू उभा करतात, रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर रंगांचे ठिपके असे जे नाचणारे तुम्ही फोटोत पाहिलेत, त्यांतले कित्येक नवस म्हणून नाचतात. आधी काही दिवस ते व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, बायकोपासून लांब राहतात. त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून 'जरा इकडे बघा ना' म्हणणारे पुणेकर, मुंबईकर, आणि हो, नंदुरबारकरसुद्धा मी पाहिलेत. आपल्या देवघरात पूजा चालू असताना कोणी असं केलं तर काकू त्याला पळीने मारतील!

भोंगऱ्या बाजाराचंही तेच. होळीच्या आधी धडगावकडे भरणारा हा बाजार म्हणजे होळीची खरेदी. गूळ, डाळ्या, खजूर, हार-कडे, कपडे. ढोल घेऊन गावंच्या गावं उतरतात. पण शहरी लोकांनी त्याला 'पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार' करून टाकलंय. आदिवासी कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगताहेत की असं काही नाही, तरी दरवर्षी कोणीतरी नवा शोध लावतोच. भाच्याच्या मेसेजमध्येही ते होतं, हसऱ्या चेहऱ्यासकट. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तिथे हा विनोद करून तुम्ही कोणाच्या दारात जाणार आहात याचा विचार करा.

आता मूळ मुद्दा. (मूळ मुद्दा इतक्या खाली का, असं विचारू नका. मी शिस्तीत लिहिणारा नाही.)

आमच्या जिल्ह्यात चाकावर घर घेऊन निघणारे लोक पुष्कळ आहेत, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. पावसाळी पीक हातात आलं आणि दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये, कोंबून भरलेल्या जीपमध्ये. पातेली, पाण्याचे ड्रम, धान्याचं पोतं, गोधड्या, दोन कोंबड्या, कधी शेळी, आणि सगळ्यांत वर पोरं. जातात दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात, सुरतेकडे बांधकामावर, कोणी सौराष्ट्रात शेतीकामाला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची गणतीच अवजाराच्या नावाने! रानात प्लॅस्टिकचा कागद टाकून पाल उभं करायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या तोडणीवर लिहिलं, तेव्हाही त्यात खानदेशातून नेलेले मजूर होते. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं, आमचा जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. जिल्हा बदलला, ट्रॉली तीच.

आणि ही माणसं परत कधी येतात? होळीला. दिवाळीला आली नाहीत तरी चालतं, होळीला यायचंच. पुष्कळ जण होळीपुरतेच येतात आणि मग उरलेला हंगाम संपवायला पुन्हा जातात. फाल्गुनात नंदुरबारच्या स्टँडवर उभं राहिलात तर दिसेल. रुमालात बांधलेले पैसे, पोरांना नवे कपडे, ढोलाला नवं चामडं. अंधारलेल्या पाड्यावर तीन-चार महिन्यांनी चूल पेटते. पळस फुललेला असतो, महू गळायला सुरुवात झालेली असते, आणि माणसं आपल्या घरात, जमिनीवरच्या घरात, चार दिवस झोपतात.

नेमके तेच चार दिवस तुम्ही घर चाकावर घालून, 'मोकळं आयुष्य' अनुभवायला, त्यांच्या अंगणाशी गाडी लावणार. मला हे बघवणार नाही.

अमेरिकेची टूम म्हणून हे सगळं गोड दिसतं, पण तिथलंही दुसरं चित्र दादाला ठाऊक असायला हवं. जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली आलं, २०२० साली त्यावर सिनेमा निघाला आणि त्याला ऑस्करही मिळालं. घर परवडत नाही म्हणून गाडीत राहणारी, साठी-सत्तरीतली माणसं त्यात आहेत. हंगामाहंगामाला काम शोधत फिरतात. गोदामात सामान हलवतात, कॅम्पात संडास धुतात, आणि बीटाच्या काढणीला जातात. बीट म्हणजे साखरेचं बीट! ते पिकतं रेड रिव्हरच्या खोऱ्यात, म्हणजे दादाच्याच राज्याच्या पश्चिम सीमेवर. तिकडे साखर, इकडे साखर. वहिनी, तुमच्या चहात कुठलीही घाला, ती कोणीतरी घर सोडून काढलेली असण्याचा संभव बराच आहे.

काका म्हणतील, तू लोकांच्या पोटावर पाय आणतोस, पर्यटक आले तर चार पैसे येतील. येतील ना, पण कॅरॅव्हॅनने नाही. विचार करा. जेवण गाडीत, सामान पुण्याच्या मॉलमधलं, पाणी बाटल्यांचं, झोप गाडीत. ज्या गावात तीन रात्री काढल्या तिथे एकूण खर्च किती? फार तर दोन चहा. म्हणजे यजमानाकडून काहीच लागत नाही असा पाहुणा! आपल्याकडे अशा माणसाला पाहुणा म्हणत नाहीत, आणि तो निरुपद्रवीही नसतो, कारण रस्ता, झरा, सावली आणि होळी तर तो वापरतोच. एसटीने, जीपने आलेला माणूस तिकीट काढतो, बाजारात भजी खातो, कोणाच्या तरी ओळखीने ओसरीवर झोपतो, भगर-डाळ विकत घेतो. त्याला लोकांशी बोलावंच लागतं, निदान 'पाणी देता का' एवढं तरी.

तोरणमाळ आणि प्रकाशाची गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं लोक येतात, महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाच्या यात्रेची केवढी गर्दी असते. तिथे रीतसर जागा आखून, गटाराची सोय करून, ठेका स्थानिकांना देऊन उद्या कोणी कॅरॅव्हॅनतळ केला तर मी विरोधात पोस्ट लिहिणार नाही. बहुधा. पण त्याआधी चांदसैलीचा घाट पावसाळ्यात उघडा ठेवा, एवढी अट घालीन.

तर दादा, पर्यायी बेत असा. सुरत-भुसावळ लाईनवर आपलं स्टेशन आहे, मुंबईहून सुरतमार्गे रेल्वेने या. दोन दिवस आमच्याकडे राहा. आई दादरची भाकरी आणि शेवभाजी करेल, मुलांना तिखट लागणार नाही एवढं मी बघतो. मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्या दाखवीन, तेवढा लाल रंग मुलांनी बर्फात पाहिला नसेल. मग एसटीने हातोडा पुलावरून तापी ओलांडून तळोदा, अक्कलकुवा, तिथून जीपने मोलगी. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे एक सर त्याच बाजूचे आहेत, त्यांना विचारतो. ते 'या' म्हणाले तर जाऊ. 'यंदा नको' म्हणाले तर नाही जायचं, आणि कारण विचारायचं नाही. कॅमेरा एकच, तोही विचारल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. संडासाला डबा घेऊन जावं लागेल, वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

कॅरॅव्हॅनवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळते का ते भाच्याने आज-उद्यात विचारावं.