फीड्राचे मौन आणि फीड्राचे पत्र

ग्रीक पुराणकथेतील फीड्रा ही राणी आपल्याकडील अध्यापनात बहुधा 'सावत्र मुलावर आसक्त झालेली कामांध स्त्री' अशा एका वाक्यात उरकली जाते. ओघाने तिष्यरक्षिता आणि कुणाल यांचे साम्य सांगितले जाते आणि विषय संपतो. हे साम्य कथानकापुरतेच खरे आहे. 'दिव्यावदाना'तील तिष्यरक्षिता नकार मिळताच सूडाला प्रवृत्त होते. आपल्या वासनेची तिला लाज नाही. युरिपिडीसची फीड्रा मात्र, थोडी अतिशयोक्ती पत्करून म्हणायचे तर, लाजेनेच घडलेली आहे.

इ. स. पू. ४२८ मध्ये प्रथम पारितोषिक मिळवणारे 'हिपोलिटस' हे नाटक या विषयावरील युरिपिडीसची दुसरी रचना मानली जाते. पहिली लुप्त झाली असून तिचे काही अवशेषच उपलब्ध आहेत. तीत फीड्रा स्वतःच प्रेमयाचना करीत असावी, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण तर्क आहे. उपलब्ध नाटकात ती अन्नत्याग करून मरणाची वाट पाहते. हिपोलिटसने अवमान केला म्हणून अफ्रोडायटीने त्याच्या नाशाचे साधन म्हणून हे प्रेम तिच्या मनात पेरले आहे, हे प्रेक्षकाला प्रारंभीच कळते. दाई विनवण्या करून तिचे गुपित काढून घेते आणि तिच्या इच्छेविरुद्ध ते हिपोलिटसला सांगते. ज्या प्रेमावर हे सारे नाटक उभे आहे, त्यातील ही दोन माणसे एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत! ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

तथापि, फीड्राला केवळ देवतेचा बळी ठरवणेही मला मान्य नाही. गळफास घेण्यापूर्वी ती हिपोलिटसवर बलात्काराचा खोटा आरोप करणारे पत्र लिहिते. स्वतःचे आणि मुलांचे नाव राखणे हा तिचा हेतू आहेच. पण त्या उद्धट तरुणालाही आपल्या व्याधीचा वाटेकरी करून संयम शिकवावा, असेही ती बोलून दाखवते. प्रेम अफ्रोडायटीने दिले; पत्र तिचे स्वतःचे आहे.

रासीनने १६७७ च्या 'फेद्र'मध्ये हा आरोप दाईच्या तोंडी घातला, कारण इतके हीन कृत्य राजकन्येला शोभत नाही असे त्याला वाटले. त्याची काव्यशक्ती वादातीत आहे, परंतु या सोयीने नायिकेचे पाप हलके होते आणि तिची शोकात्मताही तितकीच उणावते. सेनेकाने निदान ही पळवाट घेतली नाही. त्याची फीड्रा स्वतः खोटे बोलते आणि स्वतःच ते कबूल करून मरते.

युरिपिडीसच्या नाटकात थीसिअस मृत पत्नीच्या हाताला बांधलेली ती पाटी वाचतो आणि पुत्राला शाप देतो. हिपोलिटसला सत्य ठाऊक आहे. पण दाईला दिलेल्या शपथेमुळे तो ते सांगत नाही. जिच्या निर्लज्जपणाबद्दल त्याने समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली, तिचे गुपित राखूनच तो हद्दपारीच्या वाटेला लागतो.