पासिंग झालेल्या गाडीचे मेलेले शॉकअप

सकाळी सातला कुठल्याही तालुक्याच्या बायपासवर उभे राहा. पिकअप येते. हौद्यात सेंट्रिंगच्या प्लेटा, फळ्या, त्यावर बसलेले आठ-दहा मजूर, त्यात बायकाही. मागे हुकाला अडकवलेली स्लॅबची मिक्सर मशीन. मशीनला बहुतेक वेळा ना ब्रेक, ना लाल दिवा. स्पीडब्रेकरवर गाडी एकदा उडते, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. ती दुसरी-तिसरी उडी म्हणजे शॉकअप मेल्याची खूण. अपघात झाला की बातमीत मात्र दोनच कारणं छापून येतात, 'ब्रेक फेल' नाहीतर 'चालकाचा ताबा सुटला'. अहो, पण ताबा सुटला कशामुळे?

आपल्याकडे शॉकअप म्हणजे चैनीची वस्तू समजतात. ड्रायव्हरच्या कंबरेसाठी असते म्हणे! वजन कमानपाटे पेलतात हे खरंच आहे. पण दाबलेला पाटा परत उसळतो आणि ती उसळी मारायचं काम शॉकअपमधलं तेल करतं. तेल गळून गेलं की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, नाचतं. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक कितीही चांगला असला तरी तो लागणार कशावर? त्यात हूक असतो मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. मशीनचा दांडा हुकावर दाबला की पुढचा भाग हलका होतो, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो.

यावर ठेकेदारांचा उपाय ठरलेला : दोन पाटे वाढवा. हाच खरा घोटाळा. पाटे कडक झाले की उसळी आणखी जोरात येते, म्हणजे शॉकअप आधीपेक्षा दमदार लागतात. वर गाडी उचलली गेल्याने जुन्या शॉकअपची लांबी पुरत नाही, खड्ड्यात ते पूर्ण ताणले जाऊन बुश फाटतो. पाटे वाढवायला पैसे निघतात, शॉकअपच्या वेळी मात्र 'चालतंय की अजून'! मागची जोडी एका मजुराच्या थोड्या दिवसांच्या हजेरीत येते हो.

आणि सरकार? नवी मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी पासिंगला लावावी लागते. मग हौद्याखाली तेल ओघळलेल्या या गाड्या त्या दारातून बाहेर पडतात कशा? त्या दिवसापुरते चांगले टायर चढवून आणायची पद्धत कुणाला ठाऊक नाही? जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर टनामागे २ हजार दंड आहे. पण गाडीखाली टॉर्च मारून बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढी कोणी काढत नाही.

'रस्तेच असले, शॉकअप टिकणार किती?' असं मालक म्हणतात. खड्ड्यांबद्दल शंभर टक्के बरोबर, त्यासाठी बांधकाम खात्याला मीही तुमच्याबरोबर शिव्या घालीन. पण खराब रस्त्यावर शॉकअप लवकर बदलायचे असतात की बदलायचेच नसतात?

पिकअपचा कोपरा हाताने दाबून बघण्यात अर्थ नाही, रिकाम्या गाडीचे पाटे माणसाच्या जोराला दाद देत नाहीत. त्यापेक्षा नळीवर तेल ओघळलंय का, बुश ढिला आहे का, टायर जागोजागी खाल्लाय का ते बघा. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही शॉकअपना जपून हात लावा. बाकीचे गरम आणि एक थंड असेल तर तो थंडवाला कामातून गेला. बदलताना जोडीनेच बदला. पाटे वाढवले असतील तर लांबी मोजून घ्या. तेल भरून रंगवलेले जुने घेऊ नका. रोज ओढकाम असेल तर गॅसवाले बरे, तापल्यावर तेलाला फेस कमी येतो. अर्थात मशीनच डोलत असेल तर नुसत्या शॉकअपने भागणार नाही, तिचं वजन आणि हूक आधी बघावा लागेल.

आरटीओ साहेब, पुढच्या पासिंगला हूक लावलेली प्रत्येक पिकअप खड्ड्यावर घ्या आणि खाली उतरून स्वतः बघा. आणि ठेकेदार साहेब, मजुरांना उद्यापासून वेगळ्या गाडीने आणा. मालगाडीत माणसं बसवायची नसतात, हे तुम्हाला कोणी नव्याने सांगायला नको.