खिशातील वही



केळीच्या बागेचे मालक असलेल्या एका गृहस्थांनी परवा विचारले, "फादर, खिशातील वहीला तिप्पट दाम मोजावे काय?" त्यांच्या स्वस्त वहीची पाने घामाने भिजून सुटली होती, आणि त्यांबरोबर एका मजुराची चार दिवसांची हजेरी गेली होती.

आपल्या नेपानगरची कागद गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केली. वृत्तपत्राचा तो कागद एका दिवसाच्या वाचनापुरता. पुढे पिवळा व ठिसूळ होतो. हिशेबास टिकाऊ कागद हवा. दोऱ्याची शिवण व शाई न फुटणारे पान यांसाठी जादा दाम अवश्य द्यावे. कातडी वेष्टनासाठी नव्हे.

परंतु पान गेले म्हणून मजुरी बुडत नाही. तेथे मजुराचा शब्दच प्रमाण मानावा. संत याकोबाचे पत्र पुन्हा वाचावे.