मुठीतले तांदूळ आणि खाजनाचा बांध

पावसाळा तोंडावर आला की मांडवी-जुवारीच्या काठच्या गावांत एक जुनी काळजी नव्याने डोके वर काढते. यंदा बांध टिकेल काय? बांधाला भगदाड पडलेले असते, मानशीची दारे कुजलेली असतात, आणि ती दुरुस्त करायची कोणी हा प्रश्न एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात फिरत राहतो. कोमुनिदाद कूळ संघटनेकडे बोट दाखविते, संघटना सरकारकडे, सरकार निधीच्या फायलीकडे. दरम्यान भरती काही कोणाची वाट पाहत नाही. गावातल्या जाणत्या माणसांना याविषयी विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘आम्ही एकटे काय करणार?’ आम्हांस बांधाच्या भगदाडापेक्षा या उत्तराची चिंता अधिक वाटते.

खाजन म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला सांगावे लागू नये. परंतु शहरात वाढलेल्या नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगितलेले बरे. भरतीचे खारे पाणी अडवून नदीकाठची सखल दलदल आमच्या पूर्वजांनी शेतीखाली आणली. चिकणमाती, चिरे आणि पेंढा यांचे बांध त्यांनी घातले. त्या बांधांत लाकडी दारांच्या मानशी बसविल्या. भरतीच्या रेट्याने त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात आणि मानशीपाशी मासळी, असा तो दुहेरी संसार होता. या रचनेचे मर्म असे की, तीत एकट्या माणसाला काहीच करता येत नाही. एका जागी बांध फुटला, तर पाणी सर्व्हे नंबर पाहून शिरत नाही. शंभर जणांची शेते एका रात्रीत खारट होतात आणि जमिनीतले मीठ धुऊन निघायला पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात. म्हणूनच बांधाची राखण ही गावाची सामाईक जबाबदारी मानली गेली. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या गावकरीच्या या चालीरीती राज्यकर्त्यांना १५२६ च्या फोरालमध्ये नोंदवून घ्याव्या लागल्या, यावरूनच त्यांचा भक्कमपणा ध्यानात यावा.

या जुन्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाऊ इच्छीत नाही. गावकरीत हक्क होता तो ठरावीक घराण्यांतील पुरुषांना. चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या मजुराला आणि लावणी करणाऱ्या स्त्रीला त्या सभेत स्थान नव्हते. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, तो न्यायच झाला. परंतु हक्काची वाटणी झाली त्या वेगाने कर्तव्याची वाटणी झाली नाही. बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. पुढे अनेक ठिकाणी त्यांच्या बैठकाही होईनाशा झाल्या. भातापेक्षा मानशीच्या लिलावात पैसा अधिक दिसू लागला, तेव्हा मासळीसाठी खारे पाणी आत घेतल्याच्या तक्रारीही वारंवार होऊ लागल्या. मजुरी महागली, मुले नोकरीला गेली, शेत पडीक राहिले. आणि पडीक शेताच्या मालकाला बांधाची चाड कशाला असेल?

याची दुसरी बाजू मात्र विलक्षण आहे. हाच गोमंतकीय समाज सार्वजनिक कामाला उठतच नाही, असे कोण म्हणेल? प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावोगावची माणसे एकत्र आली आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांच्या बाबतीतही सरकारला माघार घ्यावी लागली. २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतील शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी, त्यांतही तेथील स्त्रियांनी, आपल्या जमिनीसाठी जो निर्धार दाखविला, त्यापुढे आयआयटीची जागा बदलणे सरकारला भाग पडले. या आंदोलनांच्या प्रत्येक मागणीविषयी मतभेद असू शकतील. पण सामान्य माणसाच्या एकजुटीने सत्ता वाकते, हे त्यांनी सिद्ध केले. मग जो समाज मोर्चाला हजारोंनी जमतो, त्याच्या ग्रामसभेला गणसंख्येची वानवा का पडावी?

आमच्या मते याचे कारण आशेच्या दोन जातींत आहे. एक आशा संकटातून पेटते. समोर प्रतिस्पर्धी दिसतो, निकालाचा दिवस जवळ असतो, संतापच बळ पुरवितो. ही आशा मोलाची खरी, पण ती गवताच्या जाळासारखी. पेटते लवकर, विझतेही लवकर. दुसरी आशा राखणीची. तिच्यासमोर शत्रू नसतो, हारतुरे नसतात, निकालाचा दिवसही नसतो. बांध फुटला नाही, ही काही बातमी होत नाही. ही दुसरी आशा भाषणांनी येत नाही. ती सवयीने येते.

याचा दाखला आमच्याच इतिहासात आहे. १९०८ साली पणजीत काही मंडळींनी मराठी शाळेसाठी घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करण्याची योजना आखली. त्यातून मुष्टिफंड संस्था उभी राहिली आणि आजही ती शाळा चालवीत आहे. तो काळ आठवावा. राज्य परक्यांचे होते. हिंदू प्रजेला समान नागरिकत्व देऊ करणारे पोर्तुगालातील प्रजासत्ताक यायला अजून दोन वर्षे होती, आणि मुक्ती तर त्रेपन्न वर्षे दूर होती. तांदळाची मूठ बाजूला काढणाऱ्या गृहिणीला यांतले काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. परिस्थिती अनुकूल होईल अशी खात्री पटल्यावर तिने मूठ उघडली नाही. तिने मूठ उघडली म्हणून पुढच्या पिढीची परिस्थिती काही अंशी पालटली. आशा आधी आणि काम मागाहून, असा आपला समज असतो. अनुभव बहुतेक वेळा याच्या उलट सांगतो.

त्या योजनेत तीन गोष्टी होत्या, आणि सार्वजनिक कामाला आजही त्याच लागतात. वाटा इतका लहान, की गरिबालाही देता यावा. तो नियमाने द्यायचा, लहर लागेल तेव्हा नव्हे. आणि त्याचे फळ गावाच्या डोळ्यांसमोर, शाळेच्या बाकावर बसलेले दिसावे. ज्या संस्थेत हिशेब दिसत नाही, तेथे माणसाचा विश्वास आधी जातो आणि उत्साह त्याच्या मागोमाग.

यावर कोणी म्हणेल की, आम्ही कर भरतो. बांध घालणे हे सरकारचे काम. म्हणणे रास्त आहे. लाखो रुपयांची दुरुस्ती मूठभर तांदळांनी होणार नाही, आणि समुद्राची पातळी वाढत असताना तर सरकारची जबाबदारी अधिकच वाढते. लोकांच्या श्रमदानाआड सरकारने दडू नये, हे आम्ही स्पष्टपणे बजावू इच्छितो. परंतु सरकारला जाब विचारणार कोण? राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीला ग्रामसभा आहे. जिथे बांधाची पाहणी करून, नेमकी भगदाडे मोजून, ठराव मांडणारी वीस माणसे आहेत, तिथे अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. जिथे रिकाम्या खुर्च्या आहेत, तिथे फाईल निवांत झोपते.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. खाजनाच्या प्रत्येक गावाने पावसापूर्वी एका रविवारी बांधावरून चालून यावे. कूळ संघटनेने बैठक बोलवावी, आणि मानशीच्या लिलावाचा पैसा किती आला व कोठे गेला, याचा फलक पंचायतीच्या दारात लावावा. शिक्षकांनी मुलांना मानस दाखवावी. जी वस्तू मुलाने पाहिलीच नाही, तिची राखण तो मोठेपणी का करील? ज्यांचे शेत नाही त्यांनीही यावे, कारण विहिरीत खारे पाणी उतरले तर ते कुळाची आणि भाटकाराची विहीर निराळी ओळखणार नाही.

यातून गोवा एका वर्षात बदलेल, असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या गावाचा एखादा बांध या पावसात टिकेल. पण टिकलेल्या बांधामागचे हिरवे भात पाहून शेजारच्या गावाला जी उमेद येईल, ती कोणत्याही अग्रलेखाने येणार नाही.