दोन नॉब? बास!

‘पाच तारांची अ‍ॅक्टिव्ह बास घे ना, यार!’ बँडवाले मागे लागले, म्हणून घेतली. स्वारगेटला शो. दुसऱ्याच गाण्यात तिच्या पोटातला ९ व्होल्टचा सेल संपला. आवाज गुल! बास कुणाला ऐकू येत नाही म्हणतात. पण समोरचे नाचणारे पाय थांबले, तेव्हा मला माझं काम कळलं.

आता माझ्याकडे साधी प्रिसिजन बास आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणलेली जात. चार तारा, एक पिकअप, व्हॉल्यूम आणि टोन. सेलची भानगड नाही. आवाज जाड, ढोलासारखा थेट छातीत. ऑफिस सुटलं, की स्वारगेटच्या गर्दीतून प्रॅक्टिसला पोचायचं, वायर खोचायची, वाजवायचं. दिवसभर इतकी बटणं दाबल्यावर दोनच नॉब... खरंच, बास!