रक्ताच्या रिपोर्टात ऑटिझम सापडत नाही

तीन वर्षांचं लेकरू हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, गाडीचं एकच चाक तासभर फिरवत बसतं. आई घाबरते. शेजारीण म्हणते, नजर लागली. मोबाईलवर कुणी सांगतं, हार्मोनची तपासणी करा, ऑटिझम आहे का ते लगेच कळेल. बचत गटाचं कर्ज काढून लॅबच्या पावत्या गोळा केलेल्या आया आम्हाला वस्त्यांत भेटतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता ओळखणारी हार्मोनची कोणतीही रक्त तपासणी आज नाही. त्यावर संशोधन मात्र चालू आहे. ऑक्सिटोसिनचंच घ्या. बाळंतपणात कळा वाढवायला सलाईनमधून देतात, तेच. शरीरात ते आपोआपही तयार होतं, बाळाला पाजताना स्रवतं, माणसांमधल्या ओढीशीही त्याचा संबंध लावतात. म्हणून स्वमग्न मुलांत ते कमी असेल असा विचार पुढे आला. १९९८ च्या एका अभ्यासात तसं दिसलंही. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वमग्न मुलं, त्यांची भावंडं आणि इतर मुलं यांचं रक्त तपासलं. तिन्ही गटांत कुणाचं कमी, कुणाचं जास्त. त्यावरून स्वमग्न मूल वेगळं काढता येईना. २०२१ मध्ये २९० मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. ऑक्सिटोसिनचा नाकातला फवारा आणि औषध नसलेला फवारा, दोन्हींचा परिणाम सारखाच. व्हॅसोप्रेसिन नावाच्या दुसऱ्या हार्मोनवर काम सुरू आहे, पण ते मणक्यातलं पाणी काढून, थोड्या मुलांवर. नाक्यावरच्या लॅबचा त्याच्याशी संबंध नाही.

ऑक्सिटोसिनला लोक 'मायेचा हार्मोन' म्हणतात, याची आम्हाला जास्त भीती वाटते. रिपोर्टात आकडा कमी आला की सासरी बोट आईकडेच वळणार: हिनेच माया लावली नाही. अमेरिकेतही १९५०-६० च्या दशकांत मोठे मोठे डॉक्टर थंड स्वभावाच्या आयांना दोष देत होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, स्वतः स्वमग्न मुलाच्या बापाने, १९६४ मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढलं. आईच्या मायेने किंवा मायेच्या कमतरतेने ऑटिझम होत नाही.

थायरॉईडची गोष्ट वेगळी. जन्मापासून थायरॉईड कमी असेल तर मुलाची वाढ मागे पडते आणि त्यावर गोळी आहे. डॉक्टरांनी ती तपासणी लिहून दिली तर जरूर करा. कानाची तपासणी तर आधी करा. ऐकूच येत नसेल तर मूल वळणार कसं?

ऑटिझमचं निदान मुलाला खेळताना बघून आणि आईबापांना नीट विचारून होतं. आपल्याकडे त्यासाठी ४० प्रश्नांची 'आयएसएए' ही मोजपट्टी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र मागणं हा हक्क आहे, उपकार नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतं. पथक कधी येणार, ते अंगणवाडीच्या ताईंना आजच विचारा. तोवर मूल घरात कसं खेळतं, हाकेला काय करतं, याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. तपासायला नेल्यावर मूल घाबरून वेगळंच वागतं, तेव्हा डॉक्टरांना तो दाखवता येईल.