आरोग्यविचार : मेंदूच्या आवरणांतील उलटणारी गांठ

मेंदूच्या आवरणांत क्वचित् एक अशी गांठ होते, कीं जींत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें. १९४२ सालीं स्टाउट व मरे यांनीं, अशा गांठी केशवाहिन्यांभोवतालच्या पेशींपासून होतात असें मानून, त्यांस 'हीमॅन्जिओपेरिसायटोमा' हें नांव दिलें. २०१३ सालीं या पेशींत दोन जनुकें एकमेकांस जोडलीं गेल्याचें आढळलें आणि जुना तर्क मागें पडला. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत 'सॉलिटरी फायब्रस ट्यूमर' हेंच नांव आहे.

डोकेदुखी, ओकारी, आंकडी, दृष्टिदोष हीं लक्षणें गांठीच्या जागेप्रमाणें दिसतात. शक्य तितकी समूळ शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय होय. घातक प्रकारांत पुष्कळदां त्यानंतर किरणोपचारही देतात.

परंतु खरा धोका पुढेंच असतो. रोगी हिंडूंफिरूं लागला, म्हणजे घरांतील मंडळी दुखणें संपलें असें समजतात व कागदपत्रें माळ्यावर जातात. ही गांठ मात्र दहा किंवा त्याहून अधिक वर्षांनींही उलटते. कधीं त्याच जागीं, तर कधीं हाडांत, फुप्फुसांत वा यकृतांत. तेव्हां पाठीचें साधें दुखणें म्हणून दुसऱ्याच डॉक्टरांकडे जाणें होतें, आणि जुन्या गांठीची गोष्ट सांगावयाचीच राहते.

यास्तव शस्त्रक्रियेचा व पेशीपरीक्षेचा अहवाल घरांतील एका जबाबदार व्यक्तीनें जपून ठेवावा, प्रत्येक नव्या डॉक्टरांस तो दाखवावा, आणि तज्ज्ञ सांगतील त्या अंतरानें एम. आर. आय. तपासणी आजन्म चालू ठेवावी.